गाडीचं प्रस्थान

"या शनिवारी पाँडीला जाऊ. गाडी मी चालवते," आत्या म्हणाली आणि आईच्या हातातला रस्समचा डाव वाटीवरच थांबला.

"पाँडीला कोण आहे?" आईने विचारलं.

"कोणी नाही."

"मग कोणाचं काय आहे?"

"कोणाचंच काही नाही. समुद्राकाठी हिंडायचं, कॉफी प्यायची, दुकानं बघायची, माणसं बघायची. शनिवारी संध्याकाळी तिथे नुसती जत्रा असते म्हणे. रविवारी परत यायचं."

"बरं. पण जायचं कशाला?"

"मजेला," आत्या म्हणाली आणि तिने पापड मोडला.

मजा हा शब्द आमच्या घरात लहान मुलांसाठी राखून ठेवलेला आहे. मोठी माणसं कामाला जातात, देवाला जातात, लग्नाला जातात, भेटायला जातात. आम्ही कुंभकोणमला राहतो. घरातून निघून कुठल्याही दिशेला चालू लागा, चप्पल नीट पायात बसायच्या आत एखादं देऊळ लागतं. तरी आमच्या घरातून जी माणसं बाहेरगावी जातात ती दुसऱ्या एखाद्या देवळालाच. चुलत बहिणीला दिवस गेले, चला तिरुक्करुगावूरला. ती सुखरूप बाळंत झाली, चला पुन्हा तिरुक्करुगावूरला. पाँडिचेरी साडेतीन-चार तासांवर आहे आणि आमच्या घरातलं कोणीही तिथे कधी गेलं नव्हतं, कारण तिथे आमच्यातलं कोणी मेलं नव्हतं आणि कोणाला उजवलं नव्हतं.

आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. तिने लग्न केलं नाही. मुलींच्या शाळेत गणित शिकवलं आणि गेल्या वर्षी ती निवृत्त झाली. तिच्या बरोबरच्या बाई निवृत्त होऊन काशीला गेल्या. आत्या मोटार शिकायच्या क्लासला गेली. शिकवणाऱ्याची बायको तिची विद्यार्थिनी निघाली, त्यामुळे त्या बिचाऱ्याला तिच्यावर ओरडायची सोय उरली नाही. लायसन्स पहिल्या फेरीत मिळालं. मग तिने एक छोटी पांढरी जुनी गाडी घेतली आणि ती भाजी आणायला, स्वामिमलैला, फार तर सुंदरपेरुमाळ कोयिलपर्यंत चालवू लागली. त्याच्या पलीकडे कोणी जाऊ दिलं नव्हतं. कोणी अडवलंही नव्हतं. आमच्या घरात अडवत नाहीत. फक्त लांबचा प्रवास निघाला की अप्पा 'आक्टिंग ड्रायव्हर' बोलावतात. गाडी आपली, चालवणारा दिवसभरासाठी आणलेला, त्याला इकडे हे नाव आहे.

त्या रात्रीही जेवण संपायच्या आत अप्पा म्हणाले, "जाऊ की. मी आक्टिंग ड्रायव्हरला सांगून ठेवतो."

आत्याने ताट बाजूला सारलं. हात धुवायला उठली. मी मात्र उठले नाही.

इथे माझ्याविषयी थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढची भांडणं कळायची नाहीत. घरात आम्ही जी मराठी बोलतो ती तंजावरच्या राजांबरोबर इकडे आलेल्या लोकांची. पुण्याकडचे पाहुणे ती ऐकून गोड हसतात आणि मग आपसात तमिळपेक्षा कठीण असं म्हणतात. (म्हणून इथे मी सगळ्यांचं बोलणं तुमच्या मराठीत लिहिते आहे.) मराठी वाचायला मी शाळेत शिकले नाही. अप्पांच्या सोलापूरच्या एका मित्राने वर्षानुवर्षं टपालाने पाठवलेल्या पत्रकांवरून शिकले. हुंडा, जात, मजुरी, पंचांग, नवस, बुवा, सगळ्यांविरुद्ध पत्रकं. माझं पहिलं मराठी वाक्य 'कमळ बघ' नव्हतं, 'बंधू-भगिनींनो, जागे व्हा' होतं. अप्पा वीज खात्यात आणि कामगार संघटनेत. तमिळ पत्रकं ते स्वतः लिहीत, छापून आणत आणि बस स्टँडवर वाटत. मी त्यांच्या शर्टाला धरून चालत असे. अन्याय दिसला की जागच्या जागी बोलायचं, हे मला चालण्याबरोबरच शिकवलं गेलं. तेव्हा त्या रात्री मी अप्पांना म्हणाले, "अप्पा, 'स्त्रीच्या हाती सुकाणू' असं मथळ्यात कोणी लिहिलं होतं?"

"ते पत्रक होतं," अप्पा म्हणाले. "हा बायपास आहे. वाळूचे ट्रक असतात."

"ट्रक पुरुषांना बघून वाट देतात?"

"बघ, लागली पेटायला," आई म्हणाली. "ताक घे आधी."

मी ताक घेतलं, पण बोलायची थांबले नाही. समानता घराच्या उंबऱ्यावर चपलांसारखी काढून ठेवता येत नाही, असं काहीतरी म्हणाले. वाक्य चांगलं होतं. अप्पांनी मान डोलावली, वाक्याला. मग फोन उचलून ड्रायव्हरला संदेश पाठवायला लागले.

रात्री आत्या मला गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला घेऊन गेली. साडीची घडी घालता घालता म्हणाली, "तू आज छान बोललीस."

"मग? तू का गप्प बसलीस?"

"कण्णा," ती लाडाने म्हणाली, "ऐक. मी चाळीस वर्षं या घराबरोबर प्रवास केला. दर वेळी कुठे बसते मी?"

मला आठवलं. भाड्याची गाडी असो की आता तिची, मागच्या सीटवर, मध्ये. जिथे पाय ठेवायला उंचवटा असतो. कारण एका बाजूला आईला वारा लागतो, दुसऱ्या बाजूला मला उलटी होते, पुढे अप्पा. आणि मध्ये जो बसतो त्याच्या मांडीवर चिंचेच्या भाताचं पातेलं येतं, कारण त्याला खिडकी नसते, त्याला दुसरं काम नसतं. आत्याने आयुष्यभर रस्ता दोन डोक्यांच्या फटीतून पाहिला होता.

"आक्टिंग ड्रायव्हर आला की मी परत मध्ये," आत्या म्हणाली. "माझीच गाडी, आणि मी पातेलं धरून. मला पाँडी बघायचीच आहे ग, पण त्याहून मला तो रस्ता बघायचा आहे. पुढून. हात चाकावर ठेवून. इथून तिथपर्यंत. बस, एवढंच."

"मिळेल. मी भांडते."

"तेच सांगायला बोलावलं. तू भांडू नको. तू भांडलीस की ती गोष्ट तुझी होते, आणि मग माझ्या भावाला माझ्याशी नाही, तुझ्याशी जिंकायचं असतं. मला झेंडा करू नको."

मला राग आला. पण तिने चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि चादरीची घडी घालताना माणसाला नीट रागावता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने भिंतीवरच्या कॅलेंडरचा कालचा कागद फाडला आणि पुढचे कागद उलटून पाहिले. आमच्याकडची ही रोजची पानं फाडायची कॅलेंडरं म्हणजे घरातली सर्वांत वाचली जाणारी वस्तू. राहुकाळ, यमगंड, कुठल्या दिशेला जाऊ नये, सगळं त्या एका चतकोर कागदावर. आई शनिवारपर्यंत गेली आणि तिने आवाज दिला, "वन्सं, तुमचं चंद्राष्टम आहे."

चंद्राष्टम म्हणजे चंद्र तुमच्या राशीपासून आठव्या घरात आलेला. सव्वादोन दिवस राहतो. तेवढे दिवस माणसाने कोणाशी भांडू नये, सोनं घेऊ नये, नवीन काम धरू नये आणि लांबचा प्रवास तर अजिबात करू नये. आत्याचं शुक्रवारी दुपारी लागत होतं आणि थेट रविवारी रात्री सुटत होतं.

"मी गाडीत बसू शकते ना?" आत्याने विचारलं.

"बसा. बसायला काही नाही. प्रवास पुढे नेणारं माणूस तुम्ही नको. चाकावर नको."

आणि अप्पा! पंचांगाविरुद्ध पत्रक लिहिणारे, राहुकाळात मुद्दाम लग्न नोंदवलेले माझे अप्पा पेपरमागून म्हणाले, "हो, ते एक आहेच. तुझ्या आईच्या मनाला कशाला चुटपुट लावायची? अक्का, पुढच्या वेळी चालव तू."

"अप्पा!" मी ओरडले.

"मी मानत नाही ग. तुझी आई मानते. दुसऱ्याच्या श्रद्धेचा मान ठेवायला नको?"

"हे तुम्ही कधीपासून ठेवायला लागलात?"

"आजपासून," आई म्हणाली. तिलाही हसू आवरत नव्हतं. इतक्या वर्षांत कॅलेंडरच्या बाजूने अप्पा प्रथमच उभे राहिले होते.

मी जाहीर केलं की आत्याने चालवायचं तर आठवा चंद्र डोक्यावर घेऊन चालवायचं, कसलाही उपाय न करता. नाहीतर मी येणार नाही. माझी अशी जाहीरनामे काढायची पद्धत घरात सर्वांना माहीत आहे. कोणी घाबरलं नाही. आत्या आईजवळ गेली आणि गणिताच्या बाईंच्या आवाजात विचारलं, "अगो, याला काही वाट असेलच ना? तुझ्या माहेरी काय करत?"

आई विचारात पडली. अशा वेळी ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर बघते, जणू तिची आई तिकडून सांगणार आहे.

"प्रस्थान ठेवत," ती म्हणाली.

ही आपल्या सगळ्यांकडची जुनी रीत. जायच्या दिवशी मुहूर्त नसेल तर आधीच्या चांगल्या वेळी प्रवास करणाऱ्याची एखादी वस्तू घराबाहेर नेऊन दुसऱ्याच्या घरी ठेवायची. तांदूळ, सुपारी, हळकुंड पिवळ्या कापडात बांधून, बरोबर अंगावरचं काहीतरी. ती वस्तू गेली म्हणजे माणूस निघाला. मग खरं निघणं कधीही झालं तरी चालतं, कारण प्रवास आधीच सुरू झालेला असतो. चंद्राला फसवायची ही कायदेशीर पद्धत आहे, असं मी तेव्हाही म्हणाले आणि आजही म्हणेन.

आत्याने नियम विचारून घेतले. किती लांब ठेवायची? शेजारी चालेल, पण गावाची वेस ओलांडली तर बरं. नदी ओलांडली तर उत्तम. परत घरी आणलेली चालते का? मुळीच नाही, घरी आली तर सगळं फुकट. वस्तू कोणती? प्रवासाला लागणारी, स्वतःची, रोज हात लागणारी.

"मग गाडीच," आत्या म्हणाली.

"काय गाडीच?"

"माझी स्वतःची, रोज हात लागणारी आणि प्रवासाला लागणारी वस्तू. गाडीच प्रस्थान ठेवू."

आई पुन्हा खिडकीबाहेर बघू लागली. बराच वेळ. तिला गाडीविरुद्धचा एकही नियम सापडत नव्हता, कारण तिच्या आजीच्या काळात गाडी नव्हती. शेवटी तिने तिरुप्पनंदाळला आपल्या बहिणीला फोन लावला. तिरुप्पनंदाळ कावेरीच्या पलीकडे, उत्तरेला, पाँडीच्याच वाटेवर. मावशीचं अंगण मोठं. "तायी, दोन दिवस आमची गाडी ठेवशील का? नाही नाही, बिघडली नाही. प्रस्थान आहे."

पलीकडून मावशी इतक्या मोठ्याने हसली की फोनपासून लांब बसलेल्या अप्पांनाही ऐकू गेलं. मग तिने विचारलं की गाडीला आंघोळ घालून ठेवू की तशीच ठेवू.

"हे सगळं थोतांड आहे," अप्पा म्हणाले.

"थोतांड आहे ना?" आई वळली. "मग तुम्हाला अडचण काय? चंद्राष्टमही थोतांड, प्रस्थानही थोतांड. राहिलं काय? वन्सं चालवतात, एवढंच."

अप्पा पेपरमागे गेले. मी जाहीरनाम्याच्या बाजूने बोलायला तोंड उघडलं, तर आत्याने मला एका नजरेत बसवलं. वर्गात असंच करत असणार.

गुरुवारी सकाळी दहानंतर वेळ चांगली होती. आत्याबरोबर कोणीतरी जायला हवं होतं, परत बसने यायचं होतं म्हणून. आईला दुपारचा स्वयंपाक होता, अप्पांना ऑफिस. मी म्हणाले, मी प्रस्थानासाठी येत नाही, मी निरीक्षक म्हणून येते. "ये बाई, निरीक्षक म्हणून ये," आत्या म्हणाली. "फक्त डावीकडचा आरसा नीट दिसू दे, तिथे डोकं आणू नको."

अप्पांनी निघताना आत्याच्या फोनवर तिचा ठावठिकाणा दिसेल अशी सोय करून घेतली होती. कावेरीचा पूल ओलांडतो न ओलांडतो तोच फोन वाजला. मी उचलला.

"थांबलात का? तो ठिपका हलत नाहीये."

"म्हशी चालल्यात पुढून."

"बरं बरं. म्हशी जाऊ देत. तिला सांग घाई करू नको."

"ती घाई करत नाहीये, अप्पा. म्हशीही करत नाहीयेत."

मग पुन्हा फोन. ठिपका जोरात हलतोय. मग पुन्हा. ठिपका रस्ता सोडून शेतात दिसतोय. "तुझ्या बापाला सांग," आत्या रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "की ठिपका चुकलाय, मी नाही." आणि तिने गियर बदलला. मी तिच्याकडे बघत होते. रोज पोळ्या लाटताना, कपड्यांना पिना लावताना पाहिलेले हात ते, पण गियरवर ते वेगळे वाटत होते. वळण आलं की ती ओठ हलवायची. मी विचारलं काय म्हणतेस, तर म्हणाली, "काही नाही. वर्तुळाचा किती भाग घ्यायचा ते." समोरून बस आली. बसवाल्याने हॉर्न दिला, तो त्या लोकांचा बोलण्याचा सूरच आहे. आत्या बाजूला झाली नाही; तिला जेवढी जागा हवी होती तेवढी घेऊन, बसला तिची जागा देऊन, ती सरळ निघून गेली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची रोपं लावलेली, पाणी चमकत होतं, आणि माझी आत्या इतकी सुखात होती की मी तेवढ्यापुरतं पंचांगाविषयी बोलायचं विसरले.

मावशी दारात उभीच होती. तिने अंगणात रांगोळी काढली होती, गाडी कुठे उभी राहायची ते दाखवणारी. आत्याने रांगोळीवर चाक न आणता गाडी लावली. पिवळ्या कापडाची पुरचुंडी पुढच्या काचेपाशी ठेवली, मावशीने बॉनेटला कुंकू लावलं. कोंबड्या गाडीखाली सावलीला गेल्या.

"आता ही हलवायची नाही हं," मावशी म्हणाली.

"हलवणार कशाला? किल्ली माझ्याकडे आहे."

बसने परतताना आम्हाला बसायला जागा मिळाली नाही. आत्या दांडा धरून ड्रायव्हरमागे उभी राहिली आणि पुटपुटत राहिली, "आता दुसरा. दुसरा टाक रे. हां."

या सगळ्या बेतात एक भोक होतं, आणि ते आमच्यासारख्याच लोकांना दिसणार नाही असं. गाडी तिरुप्पनंदाळला होती. आम्ही कुंभकोणमला. म्हणजे शनिवारी दुपारी स्वतःच्या गाडीने मजेला निघालेलं कुटुंब बॅगा, पाण्याच्या बाटल्या, चिंचेच्या भाताचं पातेलं, वड्यांचा डबा आणि दोन छत्र्या घेऊन टाऊन बसमध्ये चढलं. कंडक्टरने पातेल्याकडे बघून विचारलं, "कोणाचं लग्न?" अप्पा तमिळमध्ये म्हणाले, "गाडी आणायला चाललोय." कंडक्टरला ते कळलं नाही आणि समजावून सांगण्यासारखंही नव्हतं.

बसमध्ये अप्पा सारखे फोन बघत होते. ते का, ते तिरुप्पनंदाळला उतरल्यावर कळलं.

मावशीच्या अंगणात, आमच्या गाडीशेजारी, पांढराशुभ्र शर्ट घातलेला आक्टिंग ड्रायव्हर उभा होता. अप्पांनी त्याला प्रस्थान ठरल्यावरही नको म्हणून सांगितलंच नव्हतं. उलट पत्ता पाठवला होता.

"फक्त सोबतीला," अप्पा कोणाकडेही न बघता म्हणाले. "अक्का, गावाबाहेरपर्यंत तू चालव. पुढे मोठा रस्ता लागला की तो घेईल. तुलाही आराम."

आत्याने किल्ली पिशवीतून काढली होती. ती तिने मुठीत धरली. तिचा चेहरा मी पाहिला. रागावलेला नव्हता. चाळीस वर्षं जसा असायचा तसा झाला होता, सोयीचा. तिने पातेल्याकडे पाहिलं आणि मला कळलं की आता ती किल्ली देणार. माझ्या घशात पूर्ण भाषण तयार होतं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मुद्द्यांसकट.

पण आई माझ्याआधी बोलली. तेही ड्रायव्हरशी, तमिळमध्ये, अतिशय प्रेमाने.

"तंबी, एक सांगते हं. ही गाडी नुसती उभी नाही. यांच्या नावावर," ती आत्याकडे बोट करून म्हणाली, "चंद्राष्टम चालू आहे. आम्ही गाडी प्रस्थान ठेवली आहे. ज्याने ठेवलं त्यानेच उचलायचं असतं आणि मुक्कामाला त्यानेच पोचवायचं असतं. मध्ये दुसऱ्याने हात लावला तर यांचं जे काही असेल ते त्याच्यावर येतं. तू चालवायला हरकत नाही, फक्त तुला माहीत असावं म्हणून सांगितलं."

ड्रायव्हरने पुढच्या काचेपाशी ठेवलेली पिवळी पुरचुंडी पाहिली. बॉनेटवरचं कुंकू पाहिलं. मग तो गाडीपासून दोन पावलं मागे सरकला.

"सार, मला माफ करा," तो अप्पांना म्हणाला. "माझ्या घरी लहान पोर आहे."

"अरे, हे काही नसतं!" अप्पा म्हणाले. "मी पत्रकं लिहिली आहेत यावर!"

"असेल, सार. पण तुम्ही चालवा मग."

अप्पांना गाडी चालवता येत नाही. मग मावशी पदर तोंडावर धरून आत गेली, ड्रायव्हरसाठी कॉफी आणायला, आणि आतून तिचं हसणं ऐकू येत राहिलं.

तो नियम आईला खरंच माहीत होता, की तिने तिथल्या तिथे केला, ते मी तिला अजून विचारलेलं नाही. माझं म्हणणं तेव्हा होतं तेच आहे: आत्याने ती गाडी तिची आहे म्हणून आणि तिला येते म्हणून चालवायला हवी होती, चंद्राची भीती घालून नाही. मी हे वाटेत, कोल्लिडम नदीचा पूल ओलांडताना, तिला सांगितलंही. ती म्हणाली, "बरोबर आहे तुझं. पण हक्क पटवत बसले असते तर रविवार झाला असता." यावरचं उत्तर मी अजून शोधते आहे.

पुढच्या सीटवर आई बसली होती. आत्यानेच तिला बसवलं. "वारा लागतो तुला, खिडकी उघड." मागे मी आणि अप्पा, मध्ये पातेलं. पहिल्या तासात अप्पांनी दर ट्रकला पाय जमिनीवर दाबून धरला, जणू ब्रेक त्यांच्याकडे होता. मग ते कमी झालं. नेयवेलीच्या पुढे त्यांनी वड्यांचा डबा उघडला. एक वडा खाऊन म्हणाले, "गाडी बरी धरते अक्का." कोणाला उद्देशून नाही, वड्याला म्हणाले. आत्याने आरशातून पाहिलं आणि पुढची बैलगाडी ओलांडताना हॉर्न जरा जास्तच वाजवला.

पाँडीत पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. समुद्राकाठचा रस्ता संध्याकाळी गाड्यांना बंद असतो, ते आम्हाला माहीत नव्हतं. म्हणून आतल्या गल्ल्यांतून जागा शोधत फिरायला लागलो. पिवळ्या भिंती, बोगनवेलीच्या फुलांनी झाकलेल्या कमानी, भाड्याच्या सायकलवरून चाललेल्या मुली, केक विकणारी दुकानं, कुठेतरी कोणीतरी गिटार वाजवत होतं, फुग्यांचा एक मोठा गठ्ठा गाडीच्या काचेला घासून गेला. आईने खिडकीतून हात बाहेर काढून एक फुगा ढकलला. आत्या स्कूटरांमधून, पाहुण्यांमधून, रस्त्याच्या मधोमध उभे राहून फोटो काढणाऱ्या जोडप्यांमधून गाडी नेत होती, सावकाश, न चिडता, डोळे मोठे करून.

"जागा दिसते का कोणाला?" ती विचारी.

"नाही," आम्ही म्हणत असू.

"मग अजून एक फेरी घेते."

तिसऱ्या की चौथ्या फेरीला आई म्हणाली, "वन्सं, समुद्र बघायचा ना?"

"तो कुठे जातोय?" आत्या म्हणाली.

एका कोपऱ्यावर, एका बेकरीसमोर, एक गाडी निघून गेली आणि तिच्या मागे चांगली ऐसपैस जागा मोकळी झाली. माझ्या बाजूलाच होती. मी सांगायला तोंड उघडलं. अप्पांनी पातेल्यावरून हात पुढे करून माझा गुडघा दाबला. त्यांनी ती जागा पाहिली होती. सरळ तिच्याकडेच बघत होते.

"इथे काही दिसत नाही, अक्का," ते म्हणाले. "पुढे घे."